पहिलं बाळंतपण माहेरी

माझी मुलगी चव्वेचाळीस वर्षांची असताना पहिल्यांदा बाळंत झाली, आणि ते बाळंतपण माझ्याच घरी व्हायचं असा हट्ट मी धरला. घरात बाईमाणूस नाही हे मला माहीत होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तरी धरला. त्या हट्टाचं काय झालं ते लिहितोय. शाळा माझी चौथीपर्यंत. नटवून लिहिता येत नाही, जसं झालं तसं सांगतो.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मुलीला आणायचं, बाळ झालं की सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, खाऊपिऊ घालायचं, बारसं करून साडीचोळी देऊन सासरी पाठवायचं. मुलीचं लग्न तेविसाव्या वर्षी झालं. वर्षभरात बायकोने बाळंतिणीसाठी सुंभाची बाज विणून घेतली. एकवीस वर्षं ती बाज भिंतीला उभी होती. नारपोलीत आमच्या गल्लीतल्या दुसऱ्यांच्या पोरी तिच्यावर बाळंत होऊन गेल्या, लोक मागून न्यायचे आणि धुऊन आणून द्यायचे. बायको बाज परत जागेवर लावायची आणि कामाला लागायची. मला मात्र ती बाज न्यायला आलेल्या माणसाचं तोंड बघवत नसे.

मुलीचा इलाज मुंबईला चालू होता. किती वर्षं चालला, किती सुया टोचल्या, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बापाने काय विचारायचं. मग एके रविवारी ती आणि जावई आले, सोबत विहीणबाई. पडघ्याहून आल्या, गुडघे दुखत असताना आल्या, म्हणजे काहीतरी मोठं असणार हे मी ओळखलं. चौथा महिना होता.

विहीणबाईंनी लगेच विषय काढला. त्यांचा आवाज मला ऐकू येतो, तेवढी देणगी देवाने त्यांना दिली आहे.

"व्याही, बाळंतपण आमच्याकडे करू. तुमच्याकडे करणार कोण? माझे गुडघे गेलेत पण तोंड शाबूत हाय. बसून सांगेन, बाई लावू."

मी म्हटलं, "माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपण पडघ्याला होणार न्हाय."

"मग तुम्ही लुगडं नेसणार काय?"

"नेसेन."

जावई हसला. मुलगी हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती. तिला कुठे जायचंय हे आमच्यातल्या कोणीच विचारलं नाही. हे मला आज दिसतं. त्या दिवशी फक्त मी जिंकलो एवढंच दिसलं.

पोट कापून मुलगी झाली. आठव्या दिवशी दोघींना मी घरी आणलं. बाज टाकली, खाली शेगडी ठेवली. बायको जे जे करायची ते आठवून केलं. ओवा-वावडिंगाची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, लसणाची चटणी, बाजरीची भाकरी. बाळाला न्हाऊ घालायला आणि मुलीचं अंग चोळायला सकाळी एक बाई यायची, तासाभरात जायची. बाकी सगळं मी. गल्लीतले लोक म्हणायचे, म्हाताऱ्याने कमाल केली. मला ते ऐकायला आवडायचं.

ऐकायला म्हणतो खरं, पण माझ्या कानांचं सांगायला पाहिजे. चाळीस वर्षं मी लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, काढली, शेवटची पंधरा जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेला लूम लावून देणारा. चोवीस लूम एका पत्र्याखाली चालले की कानाशी तोंड लावून ओरडलं तरी कळत नाही. आम्ही ओठ वाचायचो. मराठी, हिंदी, भय्या लोकांची बोली, सगळ्यांचे ओठ मला कळायचे. खात्याच्या त्या टोकाला कोण मालकाला शिव्या देतोय ते मी या टोकावरून सांगायचो. ड्युटी सुटली तेव्हा कान गेलेले होते, डोळे राहिले. समोर बघून बोललं की माझं अडत नाही. पाठीमागे बोललं तर मी दगड. मुलीने कानाचं मशीन घेऊन देते म्हटलं होतं, मी नको म्हटलं. बहिऱ्याचं मशीन लावून नाक्यावर कोण हिंडणार.

मुलगी शांत होती. मी म्हणायचो, किती गुणाची बाळंतीण, तक्रार नाही. ताट नेलं की दोन घास खायची, बाकी झाकून ठेवायची. लाडू मी रोज देत होतो, ते उशीखाली सापडले. मी म्हटलं, "हे काय?" ती म्हणाली, "नंतर खाईन, बाबा." बाळ रडायला लागलं की ती त्याच्याकडे बघत बसायची. मग कधीतरी उचलायची. मला वाटलं टाके दुखत असतील.

लोक भेटायला यायचे. बाळंतविडा आणायचे, बाळ बघायचे, आणि दर दुसऱ्या बाईच्या तोंडी तेच, "आजी व्हायच्या वयात आई झालीस गं. देवाने ऐकलं हो तुझं." मुलगी मान हलवायची. सव्वा महिन्यात एकदाच बाहेर पडावं लागलं, टाके दाखवायला आणि बाळाच्या लसीला. दवाखान्यात नर्सने बाळ घेतलं आणि तिला विचारलं, "बाळाची आई कुठाय?" ते मी नर्सच्या ओठांवर वाचलं. मुलगी म्हणाली, "मीच." नर्स ओशाळली. येताना रिक्षात मुलगी ओढणीने केस झाकून बसली. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, दिवस गेल्यापासून तिने रंग लावला नव्हता. मी म्हटलं, "लोकांना अक्कल न्हाय. लक्ष नको देऊ." तेवढं बोलून माझं काम झालं असं मला वाटलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहतं, चार पिढ्यांपासून इथलं. त्यांच्यातली आपा माझ्या बायकोची मैत्रीण. विसाव्या-एकविसाव्या दिवशी मी नळावर असताना ती समोर येऊन उभी राहिली. माझ्याशी बोलायचं तर समोर यावं लागतं हे तिला ठाऊक आहे.

"चाचा, एक बात बोलू? रागवू नका."

"बोल."

"तुमची लेक दिवसभर रडते. तुम्हाला नाही ऐकू येत. हमको दीवार से आता है."

"बाळ रडतं."

"बच्चे का रोना मैं जानती नहीं क्या? चार पाळलेत. लेक रडते, चाचा. आणि बाळ रडत असतं तेव्हा कधी कधी कोणीच उठत नाही."

मी तिला काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हटलं, तुझ्या घरातलं तू बघ, दुसऱ्याच्या भिंतीला कान लावायची सवय चांगली न्हाय. ती भांडं उचलून गेली. मी घरात आलो आणि मुलीचं तोंड बघितलं. कोरडं होतं. मी मनात म्हटलं, बघा.

पण बोच लागली. संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून दोघींची नजर काढली. मिरच्या जळल्या आणि ठसका नाही आला. म्हणजे नजर जबर, असं मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "हो बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळीवाली बाई गेल्यावर, मी लसूण सोलायला बसलो. बाळंतिणीला लसूण भरपूर लागतो, रोजचा एक ढीग. रोज मी दाराकडे तोंड करून बसायचो, उजेडासाठी. मुलगी बाजेवर, माझ्या पाठीमागे. त्या दिवशी ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून फिरून बसलो, लोखंडी कपाटाकडे. कपाटाला आरसा आहे. मान वर केली तर आरशात बाज दिसली, आणि मुलगी बोलत होती.

बाळाशी नाही. बाळ बाजूला पडलं होतं. ती माझ्या पाठीकडे बघून बोलत होती.

ओठ मला साफ दिसत होते. ती म्हणत होती, "बाबा, मला हिची माया येत नाही. मी रोज वाट बघते. बाकीच्यांना येते ना, मग मला का नाही. बाबा, ही सगळ्यांची आहे, तुमची, त्यांची, डॉक्टरांची. माझी नाही वाटत." मग नाक पुसलं. "मी कोणाला सांगू? सगळे म्हणतात नवसाचं बाळ. हिला तुम्ही सासूबाईंकडे देऊन टाका. मला झोपायचंय. परत उठायचंच नाही मला."

तिच्या बोलण्यात घाई नव्हती. पहिल्यांदा बोलणारा माणूस असा बोलत नाही. ती रोज बोलत होती. रोज सकाळी मी लसूण सोलायला बसलो की माझ्या पाठीला सांगत होती. घरात एकच माणूस होता ज्याला सांगितलं तरी कळणार नाही, तो मी.

मी वळलो नाही. का नाही वळलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. वळलो असतो तर ती गप्प झाली असती, हे एक. दुसरं म्हणजे मी भ्यालो. लसूण सोलत राहिलो. संपल्यावर उठलो, म्हटलं, "खीर देऊ?" ती म्हणाली, "द्या."

आता खरी लाजेची गोष्ट. त्याच दिवशी मी काही करायला पाहिजे होतं. केलं नाही. लोक म्हणतील पोरीला वेड लागलं. विहीणबाई म्हणतील, मी सांगत होते. बारशाची आमंत्रणं देऊन झाली होती, गावाकडचे भाऊबंद यायचे होते. सव्वा महिना पुरा व्हायला थोडेच दिवस उरले होते, मी म्हटलं तेवढे काढू, बारसं होईल, सासरी जाईल, आपोआप बरी होईल. अंगारा आणला. लाडवात तूप जास्त घातलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आरशासमोर बसलो आणि वाचलं. तेच. ती स्वतःला शिव्या देत होती, मी लसूण सोलत होतो.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, काल तुम्ही नळावर गेलात ना, तेव्हा मी गच्चीवर जाऊन आले. हिला खाली ठेवून. कठड्याशी उभी राहिले. मग ही रडायला लागली म्हणून आले."

मी लसणाचं ताट बाजूला ठेवलं. उठलो आणि बाजेजवळ गेलो. तिने तोंड मिटलं. मी बाळाला उचललं आणि म्हटलं, "चल, चप्पल घाल."

"कुठे? सव्वा महिना नाही झाला."

"बाजूला. आपाकडे."

"बाबा, काय झालं?"

"काही न्हाय. चल."

आपाची कडी मीच वाजवली. तिने दार उघडलं, आम्हा तिघांकडे बघितलं. मी म्हटलं, "मी पडघ्याला जाऊन येतो. हिला एकटी सोडू नको. संडासला गेली तरी बाहेर उभी राहा." आपाने बाळ घेतलं आणि मुलीचा हात धरला. नळावरचं काही काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

फोन करायचा तर मला पलीकडचं ऐकू येत नाही, आणि हे दुसऱ्याच्या तोंडून सांगायचं नव्हतं. जावयाची ड्युटी गोडाऊनमध्ये, तिथे आत फोन नेऊ देत नाहीत. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षाने आलो, पुढे एसटी. हायवेला ट्रक अडकले होते. पाऊण तासाच्या रस्त्याला दोन तास लागले. गाडीत मी शब्द जुळवत होतो. एकसुद्धा जुळला नाही.

विहीणबाई ओट्यावर पाय पसरून मटार सोलत होत्या. मला बघितलं आणि हातातली शेंग तशीच राहिली.

"पोर बरी हाय ना?"

"न्हाय."

"बाळ?"

"बाळ बरं हाय. पोर न्हाय."

मी सांगितलं. आरशाचंही सांगितलं, गच्चीचंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाच महिने घसा फोडला मी. तेव्हा लुगडं नेसायला निघाला होतात."

"बोला. काय बोलायचं ते बोला."

"बोलून काय करू आता." त्यांनी सूप बाजूला सारलं. "तुम्ही काय करायला आलात? मुलगी पाठवतो, हे सांगायला?"

"तुम्हाला न्यायला आलोय. माझ्या घरी."

मुलीच्या माहेरी विहीण बाळंतपणाला राहायला येत नाही. आली तर दोन्ही घरांना लोक हसतात. ते त्यांनाही माहीत, मलाही.

"तिथे का? तिला इथे आणा."

"इथे आणली की तिला वाटेल बापाने हाकलली. तिची जागा नको हलवायला. माणूस पाहिजे तिथे. बाईमाणूस. मला जमलं न्हाय."

शेवटचे तीन शब्द मी आयुष्यात कोणासमोर बोललो नव्हतो. लूम लागला नाही तर मी रात्रपाळीवाल्याला दोष द्यायचो, सुताला द्यायचो, हवेला द्यायचो.

विहीणबाई भिंतीला धरून उठल्या. "बारशाचं काय?"

"मोडतो."

"लोकांना काय सांगणार?"

"तुम्हीच सांगा."

"सांगा, बाळंतिणीला बरं नाही. खोटं काय हाय त्यात?" मग आत जाता जाता वळून, मला दिसेल असं बोलल्या, "चहा घ्या. तोंड बघा तुमचं."

जावयाला गोडाऊनच्या गेटवर निरोप ठेवून आम्ही निघालो. तो आमच्या आधीच मोटारसायकलने नारपोलीला पोचला होता. मी दारात आलो तेव्हा तो बाजेजवळ खाली बसला होता आणि मुलगी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. बाळ आपाकडे. मी मोरीत जाऊन उगाच पाय धूत बसलो.

दुसऱ्या दिवशी बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यांनी ठाण्याच्या एका बाईंचं नाव दिलं, मनाच्या डॉक्टर. ती बाई वयाने माझ्या मुलीहून लहान. तिने सांगितलं, हा आजार आहे, बाळंतपणानंतर कोणालाही होतो. इतकी वर्षं वाट बघून, औषधं खाऊन, या वयात पहिल्यांदा आई झालेल्या बाईला तर रडायचीही चोरी, कारण सगळे तिला आनंदी बघायला बसलेले असतात. मला वाटलं ती माझ्याकडे बघून बोलतेय. कदाचित मला ओठ नीट दिसावेत म्हणून बघत असेल.

मग तिने विचारलं, "काका, तुम्हाला कसं कळलं?"

मुलगी शेजारी होती. मी आरशाचं सांगितलं. मुलीने माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, "किती दिवस?"

"तीन."

"तीन दिवस नुसते बघत बसलात, बाबा?"

परतीच्या रिक्षात ती नवऱ्याच्या बाजूला बसली. आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. ते बरोबर होतं. मी ताट करून द्यायचो, विहीणबाई नेऊन द्यायच्या.

गोळ्यांनी लगेच काही होत नाही. तीन आठवडे तर मला वाटलं फुकट गेलं. विहीणबाई आमच्याकडे अडीच महिने राहिल्या. गल्लीतल्या लोकांना चघळायला विषय मिळाला. नाक्यावर एकजण मला म्हणाला, "काय दादूस, विहीण घरजावई केली काय?" मी म्हटलं, "हां, केली. तुझी पाठव, तिलाही ठेवतो." विहीणबाई लसूण माझ्याकडूनच सोलून घ्यायच्या आणि म्हणायच्या, जाड साल राहते. माझं घर, माझी चूल, आणि मी हुकमाचा नोकर. एरवी मी चार दिवस सहन केलं नसतं. तेव्हा थकलो होतो. एवढा थकलो होतो की कोणी सांगेल ते करायला बरं वाटायचं.

आपाच्या नातवाच्या लग्नात मी तिची माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "चाचा, बिर्याणी ठंडी हो रही है." तेवढ्यावर ते संपलं.

आता पोर नऊ महिन्यांची आहे. मुलगी पडघ्याला असते, गोळ्या अजून चालू आहेत, महिन्यातून एकदा ठाण्याला जाते. बरी झाली असं मी कोणाला सांगत नाही. काही दिवस चांगले जातात, पोरीला घेऊन ओट्यावर येते, तिचे केस विंचरते, काही दिवस तसे नाहीत. मी दर मंगळवारी एसटीने जातो. माझं वय अठ्ठ्याहत्तर. उतरल्यावर पाच मिनिटं स्टँडवर टेकावं लागतं, मग पुढे चालवतं.

गेल्या मंगळवारी गेलो तेव्हा ती ओट्यावरच होती. मी चप्पल काढायच्या आत समोर आली आणि पोर माझ्या हातात दिली.

"बाबा, धरा हिला. आज मला हिच्याजवळ नको वाटतंय."

"किती वेळ?"

"माहीत नाही."

"जा."

ती आत गेली. विहीणबाईंनी स्वयंपाकघरातून आवाज दिला, "दार लावू नको गं." आतून ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण दार उघडं राहिलं. पोर माझ्या सदऱ्याचं बटण तोंडात घालायला बघत होती, मी काढून घेत होतो, ती परत घालत होती. हाताला मुंग्या आल्या. विहीणबाईंनी विचारलं, मी घेऊ का. मी म्हटलं, राहू द्या.

मुलगी बाहेर आली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. तोंड धुतलेलं, डोळे सुजलेले. पोरीने तिच्याकडे हात केले. तिने लगेच घेतलं नाही. माझ्या बाजूला येऊन बसली, पाय खाली सोडले, आणि म्हणाली, "अजून थोडा वेळ धराल?"

मी पोर दुसऱ्या हातावर घेतली.